आभाळाचा गडगा

१

कुकरची शेवटची शिट्टी झाली की गॅस बंद करायचा, पदराला हात पुसायचे आणि मागच्या गडग्यापाशी जाऊन ह्यांना बोलवायचं, हा माझा वर्षानुवर्षांचा नेम. घरामागे आमची हापूसची थोडी कलमं आहेत. कलमांच्या शेवटी जांभ्याचे दगड एकावर एक रचून घातलेला कमरेएवढा गडगा. त्याच्यापुढे सडा, म्हणजे नुसता काळा उघडा कातळ, थेट समुद्राच्या कड्यापर्यंत. मध्ये ना झाड, ना घर.

हे एस.टी.त कंडक्टर होते. रत्नागिरी डेपोत ह्यांचं उभं आयुष्य गेलं. उभं म्हणजे खरोखरच उभं, त्यामुळे घरी आले की ह्यांना आडवं व्हायला लागायचं, आणि तेही गादीवर नाही. दिवसभर तापलेल्या कातळावर पाठ टेकून आभाळ बघत पडायचे. रिटायर झाल्यावर तर दुपार कलली की जायचे. तिन्हीसांजेला मी गडग्यावर दोन्ही हात ठेवून ओरडायची, "ओ ऽऽ!" सड्यावरून उत्तर यायचं, "ओ ऽऽ!" मग चपलांचा आवाज जवळ येत जायचा.

आता हाक म्हणजे हाक आणि ओ म्हणजे ओ. बोलवणाऱ्यानं नाव घ्यायचं आणि ज्याचं नाव घेतलं त्यानं ओ द्यायची, अशी जगाची रीत. आमच्याकडे मात्र हाकही ओ आणि उत्तरही ओ, कारण मी ह्यांचं नाव घेत नसे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते. ग्रहणाच्या दिवशी पोरांना मुद्दाम चुरमुरे खायला घालणारी. पण लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी, येसूबाईंनी, उंबऱ्यातच सांगितलं होतं की नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य तुटतं. मी तेव्हा मनात हसले होते. हसले खरी, पण नाव काही घेतलं नाही. कागदावर हजार वेळा लिहिलं असेल, तोंडातून एकदाही काढलं नाही.

हे चिडवायचे. "बाबासाहेबांनी तेहतीस कोटी देव सोडायला सांगितलं, ते सोडलंस. आईचा येक शब्द काय तुझ्यानं सुटत नाय."

"तुमचं काय अडलंय त्यावाचून?" मी म्हणायची.

"अडलं नाय गो. पण येकदा ऐकलं असतं."

२

कातळावर पडलेल्या माणसाला प्रश्न पडतात. ह्यांना एकच पडायचा, आणि तो मला जेवायला वाढताना ऐकावा लागायचा.

"काय गो, आभाळाला गडगा असंल काय?"

"असला तर पलीकडे कोणाची तरी कलमं असणार. आणि तो मनुष्य हद्दीवरून कोर्टात जाणार."

"आणि नसला तर?"

"नसला तर काय, तुमचा भात निवणार."

हे हसायचे, पण प्रश्न सोडायचे नाहीत. ह्यांचं म्हणणं असं की आभाळाला शेवट नसेल, तर सगळं कधीतरी परत यायलाच हवं. तिकिटांच्या गड्ड्या संपल्या की नंबर परत पहिल्यापासून सुरू होतात, तसं. माणसं तरी किती तऱ्हेची निघणार? लांब कुठंतरी परत अशीच वाडी, असाच सडा, त्यावर असाच एक कंडक्टर पाठ टेकून पडलेला. "आणि त्याची बायको गडग्याशी येऊन वरडत असंल, भात निवतोय म्हणून."

"बिचारी," मी म्हणायची.

"आणि गडगा असंल तर हाक त्याच्यावर आपटून परत येईल. समजंल आपल्याला, की संपलं इथं."

आमच्या सड्यावर हाक परत येत नाही. आपटायला काही नाहीच तर येणार कुठून? मारलेली हाक समुद्रावर जाते आणि जाते ती जाते. हे मी पोरांनाही शिकवलेलं आहे, प्रतिध्वनीच्या धड्यात, सड्यावर उभं करून.

३

गेल्या वर्षीच्या फाल्गुनात मी अशीच गडग्याशी गेले आणि ओ दिली. उत्तर आलं. रोजच्यापेक्षा जरा बारीक होतं, पण आलं. मी घरात येऊन ताटं घेतली. चपला वाजल्या नाहीत. भात निवला. मग शेजारची चिमा, तिचा नवरा आणि मी बॅटरी घेऊन गेलो, तर हे कातळावर नेहमीसारखे उताणे पडलेले होते, डोळे उघडे.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की झटका दुपारीच आला असावा. अंग पार आखडलेलं होतं.

मी डॉक्टरांशी वाद घातला नाही. रोज ठरल्या वेळी ऐकू येणारी गोष्ट न होताही कानाला ऐकू येते. शाळेची घंटा मला सुट्टीतसुद्धा ऐकू यायची. एवढं कळण्याइतकी अक्कल मला आहे. तरी त्या संध्याकाळी मी जी ओ ऐकली ती कोणाला सांगितली नाही, सांगितली तर कोणीतरी ती काढून घेईल असं वाटलं.

त्यानंतर कितीतरी महिने मी गडग्याकडे फिरकले नाही. एकटीसाठी भात लावायचा म्हणजे कुकरला शिट्टीसुद्धा धड येत नाही. दिवसा माणसं येतात, बरं असतं. संध्याकाळी मात्र ह्यांची इतकी आठवण यायची की उभं राहवत नसे. मी ओट्यापाशी खाली बसून राहायची, गॅस चालू ठेवून.

४

मोहोर आला आणि येत्या उन्हाळ्याच्या आशेनं व्यापारी फेऱ्या मारायला लागले. त्या दिवसांत कधीतरी भात जास्त लागला. दोघांचा लागला. शिट्टी नीट झाली, मी गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि चालत गेले. गडग्यावर हात ठेवेपर्यंत आपण काय करतोय हे माझ्या ध्यानात आलेलं नव्हतं. तोंड आपोआप उघडलं.

"ओ ऽऽ!"

आणि सड्यावरून आलं, "ओ ऽऽ!"

मी घाबरले नाही, हे खरं सांगते. मला आनंदच झाला. मी गडग्याला धरून उभी राहिले आणि चपलांची वाट बघितली. अंधार पडला, डास चावायला लागले, चपला वाजल्या नाहीत. मग घरात आले आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी परत गेले. परत ओ आली. तिसऱ्या दिवशी मी साडी बदलून गेले. या वयात. हे बघायला असते तर चिडवून पुरेवाट केली असती.

५

पण बाई शेवटी मास्तरीण. आठवडाभरानं डोकं ताळ्यावर आलं आणि मी तपासायला बसले.

दिवसाउजेडी सड्यावर तोंड करून चिमाला हाक मारली. काही परत आलं नाही. थाळी बडवली. अख्खी प्रतिज्ञा म्हटली, "भारत माझा देश आहे"पासून शेवटपर्यंत, गुरं राखणारे दोघं थांबून बघायला लागले. काही नाही. परत यायची ती फक्त ओ, आणि फक्त तिन्हीसांजेला. एका संध्याकाळी मी मुद्दाम गप्प उभी राहिले, तर सडाही गप्प राहिला.

मी लांबवली की ती लांबायची, मी तोडली की तुटायची. म्हणजे प्रतिध्वनीच. पण प्रतिध्वनीला वेळ ठरलेला असतो, भिंत काही पुढंमागं होत नाही. ही ओ कधी लगेच यायची, कधी जरा थांबून, तोंडात घास असलेल्या माणसासारखी. म्हणजे कोणीतरी देणारं आहे.

आमची हाकही ओ आणि उत्तरही ओ, त्यामुळे मी पुरती अडकले होते. माझीच ओ आपटून परत येत असेल, तर पुढे गडगा आहे, सगळं तिथं संपतं, आणि हे गेले ते गेले. ती ह्यांनी दिलेली असेल, तर आभाळाला शेवट नाही. मग लांब कुठंतरी त्या तशाच सड्यावर हे अजून पाठ टेकून पडलेले आहेत, आणि माझा आवाज त्यांना पोचतो आहे. एवढ्या एका अक्षरावर माझं सगळं टांगलेलं होतं.

दुसऱ्या कोणाच्या कानाची साक्ष घ्यावी म्हणून एकदा चिमाला कोकम सरबत प्यायला बोलावलं आणि गप्पा मारत गडग्याशी नेलं. ओ दिली. उत्तर आलं, स्वच्छ, ह्यांच्या आवाजात. मी चिमाच्या तोंडाकडे बघितलं.

"बाई," ती म्हणाली, "दोनदा कशाला वरडता?"

"दोनदा?"

"पयली मोठ्यानं दिलात. मग वाईच बारीक. रडल्यासारकी."

"दुसरी मी नाही दिली."

चिमानं पेला गडग्यावर ठेवला. "तुमचाच आवाज हाय. मी काय तुमचा आवाज वळखत नाय? पोरं तुमच्याच शाळेत होती माझी." आणि पदर डोक्यावर घेऊन ती घरी गेली, सरबत अर्धं टाकून.

मला तिचा राग आला. कान फुटले असतील तिचे, असं मी स्वतःशी मोठ्यानं बोलले. तिला परत सरबताला बोलावलं नाही.

६

चिमानं गप्प बसायचं नाव घेतलं नाही. तिनं डोंबिवलीला माझ्या मुलीला, दीक्षाला, फोन केला. ह्यांना जाऊन वर्ष झालं त्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला दीक्षा आली ती ठरवूनच आली होती.

"आई, आंबे उतरले की तू माझ्याकडे यायचं. कायमचं. कलमं कराराने देऊन टाकू."

"मला इथं काय धाड भरलीय?"

"तू रोज सड्यावर जाऊन ओरडतेस."

दीक्षा रडायला लागली. ती लहानपणापासून रडली की मी हो म्हणते, हे तिला माहीत आहे. पण तिचं रडणं खोटं नव्हतं. बाप असा गेला, आता आईही त्याच कातळावर सापडेल की काय, अशी तिला भीती होती. मी हो म्हटलं.

कार्यक्रमाला आलेले बौद्धाचार्य वंदना आटोपून जेवायला बसले. मी वाढता वाढता त्यांना विचारलं की जगाला शेवट आहे की नाही, याबद्दल धम्मात काय सांगितलंय. ते चांगले वाचलेले गृहस्थ. म्हणाले, "ताई, हा प्रश्न तथागतांना प्रत्यक्ष विचारला होता. हा लोक, म्हणजे हे जग, अनंत आहे की त्याला अंत आहे. त्यांनी उत्तर दिलं नाही. मौन पाळलं."

"त्यांना ठाऊक नव्हतं म्हणून?"

"त्या उत्तरानं कोणाचं दुःख कमी होणार नव्हतं म्हणून."

मी त्यांच्या पानात भाजी वाढली. माझं कमी झालं असतं, असं मला म्हणायचं होतं. घरात एवढी माणसं होती म्हणून म्हटलं नाही.

७

आंबे उतरत गेले, पेट्या हमरस्त्यावरच्या हातखंब्याकडे रवाना होत गेल्या, आणि जायचा दिवस जवळ यायला लागला. मला जायच्या आधी एवढंच कळायला हवं होतं. भिंत असेल तर मी डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर मुकाट्यानं राहिले असते. हे असतील, तर रोज संध्याकाळी ह्यांना उत्तर न देता ठेवून मी जाणार कशी?

कळायचा मार्ग एकच होता आणि तो मला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होता. ओ सोडून दुसरं काही हाकारायचं. थाळी आणि प्रतिज्ञा नाही, ज्याला ओ देता येईल असं काहीतरी. म्हणजे नाव. मी नाव घेतलं आणि तेच नाव परत आलं, तर भिंत. नाव घेतलं आणि ओ आली, तर हे.

रोज ठरवून जायची आणि रोज नुसती ओ देऊन यायची. येसूबाई जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण त्यांचा शब्द गडग्यावर बसलेला असायचा. नाव घेतलं की आयुष्य तुटतं. इथं तुटायला काही उरलेलं नव्हतं. पण हे तिथं असतील तर? तिथलं आयुष्य शिल्लक असेल, आणि माझ्या एका हाकेनं ते तुटलं तर? मी असलं काही मानत नाही. तीस वर्षं पोरांच्या गळ्यातले ताईत सोडवले मी. तरी तोंडातून ओ-च निघायची.

८

शेवटच्या संध्याकाळी दीक्षा आत सुकट आणि आमसुलं पिशव्यांत बांधत होती. सकाळची गाडी होती. मी दोरीवरचे कपडे काढून आणते असं सांगून मागे गेले. कपडे दुपारीच काढून झाले होते.

वारा अजिबात नव्हता. समुद्राचा आवाजही येत नव्हता, तो एरवी कधी बंद पडत नाही. आभाळ तांबूस होतं आणि कातळ त्याच्याखाली काळा. मी गडग्यावर दोन्ही हात ठेवले. आज नाव घ्यायचंच. ह्यांना एकदा ऐकायचं होतं ना, मग ऐका. मी छातीत श्वास भरून घेतला.

"रामजी ऽऽ!"

मी अजून तोंड उघडलं नव्हतं.

हाक सड्यावरून आली होती. ते ह्यांचंच नाव. बाईच्या आवाजात, आणि ती बाई मी होते. शेवटच्या अक्षरावर आवाज चिरकला, तो वर्गावर ओरडून ओरडून माझा चिरकतो तसाच चिरकला. चिमाचे कान चांगले होते.

डोकं अशा वेळीही चालतं. हाकेच्या आधी प्रतिध्वनी येत नाही, हे मी किती वर्गांना शिकवलं असेल. म्हणजे भिंत नव्हती. कातळ जिथं कड्याकडे उतरतो, तिथं दिवसा काही नसतं. आता तिथं कमरेएवढी काळी रेघ दिसत होती, आणि रेघेच्या मागे काहीतरी फिकट, साडीसारखं. रेघेवर दोन हात होते. मी माझे हात गडग्यावरून उचलले. तिचे तिथंच राहिले.

मला पळावंसं वाटलं. पाय वळलेही असते, पण तेवढ्यात मला तिनं काय केलंय ते कळलं. तिनं नाव घेतलं होतं. ज्या बाईचा नवरा कातळावर जिवंत पडलेला असतो, ती असं नाव घेत नाही. तीही महिनोन्‌महिने ओट्यापाशी बसली असणार. तिनंही थाळी बडवून बघितली असणार, आणि माझ्या ओ-ला ती ह्यांची ओ समजून पोटभर जेवली असणार. आज तिनं माझ्या आधी धीर केला, एवढंच.

म्हणजे तिथंही हे नव्हते. आभाळाला शेवट नाही, आणि तरी. मला वाटत होतं की एवढ्या अफाट पसाऱ्यात निदान एका ठिकाणी तरी हे त्या संध्याकाळी उठून घरी आले असतील आणि गरम भात जेवले असतील. ते ठिकाण ते नव्हतं. कदाचित कुठंच नसेल, सगळीकडे नुसत्या आम्हीच, गडग्यागडग्याशी.

तिकडची ती बाई वाट बघत होती. नाव घेऊन झाल्यावर उत्तर यायची वाट. ती कशी बघत असेल ते मला कोणी सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचीही गाडी असणार. काहीच परत गेलं नाही तर ती घरात जाईल, पिशव्या उचलेल आणि आयुष्यभर समजेल की आपण नाव घेतलं आणि होतं तेही तुटलं.

मी हनुवटी खाली घेतली, आवाज पोटातून काढला, जाड केला, ह्यांच्यासारखा. तो मला चांगला येतो असं तेव्हा कळलं.

"ओ ऽऽ!"

मग तिकडून रडणं ऐकू आलं, आणि रडता रडता हसणं. मग तिनं नाक ओढलं आणि रोजच्या, जरा वैतागलेल्या सुरात ओरडली, "भात निवतोय. येताय ना?"

मागच्या दारातून दीक्षानं हाक मारली, "आई ऽऽ! कुठं आहेस?"

तिला मी ओ दिली नाही. गडग्यावर हात परत ठेवले, सड्याकडे तोंड केलं आणि म्हणाले, "येतो."